जुना रेकॉर्ड प्लेयर : दुरुस्ती की बदली?

नाशिकच्या जुन्या भागातील वाडे उतरवून त्यांच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या, तसे पिढ्यान्‌पिढ्या माळ्यावर पडून राहिलेले सामान खाली आले. तांब्याचे घंगाळ, पितळी समया, पाटा-वरवंटा ह्यांचे काय करावे, हे बहुतेक घरांना फारसा विचार न करता समजते. पण त्या सामानात एखादा रेकॉर्ड प्लेयर आणि त्याच्या सोबतीला शे-पन्नास तबकड्या निघाल्या, की घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "आजोबांची आठवण आहे, लागेल तो खर्च करू, पण दुरुस्त करून घेऊ." दुसरा म्हणतो, "तेवढ्या पैशांत नवा येतो, आणि गाणी तर खिशातल्या फोनवर आहेत. द्या भंगारवाल्याला." ह्या वादात बहुधा कोणीच जिंकत नाही आणि यंत्र पुन्हा माळ्यावर जाते.

आमच्या मते दोन्ही पक्षांनी प्रश्न चुकीच्या टोकाने धरलेला असतो. दोघेही यंत्राकडे पाहतात. एकाला त्यात आठवण दिसते, दुसऱ्याला अडगळ. वस्तुतः पाहायला हवे ते तबकडीकडे. यंत्र हे साधन आहे, आणि साधन आज ना उद्या दुसरे मिळते. तबकडीवरची रेघ मात्र एकदा खरवडली गेली की ती पुन्हा कोरता येत नाही. म्हणून दुरुस्ती करावी की नवे आणावे, ह्याचा निवाडा एकाच कसोटीवर व्हायला हवा : कोणत्या मार्गाने आपल्या घरातील तबकड्या नीट वाजतील आणि वाजताना कमीत कमी झिजतील? ही कसोटी लावायची कशी, तेच येथे सांगावयाचे आहे. त्यासाठी यंत्रशास्त्राचे शिक्षण लागत नाही. घड्याळ, कागदाचा कपटा आणि थोडा धीर एवढे पुरते.

प्रथम तबकडीचाच विचार करू. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग ह्या ध्वनिमुद्रकाने कलकत्त्यास गौहरजान ह्यांचा आवाज टिपला, आणि १९०८ साली त्याच शहरात तबकड्यांचा कारखाना निघाला. तेव्हापासून पुढची पन्नासएक वर्षे आपल्याकडील तबकडी म्हणजे लाखेची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी. ज्या लाखेच्या बांगड्या होतात त्याच लाखेत दगडाची बारीक पूड मिसळून ती केलेली असे. ती जड असते, कडक असते आणि हातून पडली तर कौलासारखी फुटते. १९४८ साली अमेरिकेत मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी, विनाइल नावाच्या लवचिक पदार्थाची लांब वाजणारी तबकडी, म्हणजे एलपी, निघाली. पुढच्याच वर्षी ४५ फेऱ्यांची लहान तबकडी आली. आपल्याकडे ह्या दोन्ही जातींनी जम बसवला तो नंतर, आणि लाखेच्या तबकड्या १९६० नंतरही काही वर्षे निघतच होत्या. म्हणून नाशिकमधल्या एखाद्या घरच्या पेटीत तिन्ही जातींच्या तबकड्या एकत्र सापडल्या तर नवल मानू नये.

ह्या तबकड्यांत काय असते, हे एका नाशिककराच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर ह्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात नाशिकला आपले ठाणे केले. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णु पलुस्कर ह्यांचा जन्म १९२१ सालचा, नाशिकचाच. १९३१ साली वडील गेले तेव्हा हे दहा वर्षांचे होते. पुढे विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास ह्यांच्याकडे त्यांची तालीम झाली, भारतभर नाव झाले, आणि १९५५ च्या ऑक्टोबरात, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी, ते गेले. एलपी आपल्या बाजारात रुळण्यापूर्वीच हा गळा थांबला. त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्या ७८ फेऱ्यांच्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे वाजणाऱ्या. ख्यालासारखा विस्ताराचा प्रकार त्या तीन मिनिटांत बसवताना त्यांनी काय ठेवले आणि काय सोडले, हे त्या रेघेतच लिहिलेले आहे. अशी एखादी तबकडी घरात असेल तर ती बोथट सुईखाली घालणे म्हणजे जुन्या पोथीची पाने ओल्या बोटांनी उलटण्यासारखे आहे.

आता यंत्राकडे वळू. रेकॉर्ड प्लेयर कितीही भपकेबाज दिसो, त्याची कामे चारच. थाळी ठराविक वेगाने फिरवणे. ती न डगमगता, न गुरगुरता फिरेल असा आधार देणे. सुई धरणारी दांडी तबकडीच्या कडेपासून मध्यापर्यंत अलगद जाऊ देणे. आणि सुईच्या थरथरीचे विजेत रूपांतर करणे. हे शेवटचे काम दांडीच्या टोकाला बसवलेली कार्ट्रिज नावाची लहानशी डबी करते. पुढे आवाज मोठा करणे हे अँप्लिफायरचे काम. तो कधी त्याच पेटीत असतो, कधी वेगळा.

ह्या यंत्रातील भाग दोन प्रकारचे आहेत, आणि निर्णयाची किल्ली ह्या भेदातच आहे. पट्टा, रबरी चाक, सुई, कार्ट्रिज, वायर, स्विच हे झिजणारे भाग होत; ते झिजावेत आणि बदलावेत अशाच हेतूने बसवलेले असतात. उलट थाळीचा मधला खिळा आणि तो ज्यात फिरतो तो बुश, मोटार, दांडीचा सांधा हे कण्याचे भाग होत; त्यांच्यावर सगळ्या यंत्राचा तोल उभा असतो. नाशिककरांना हा भेद तांब्या-पितळेच्या भांड्यावरून चटकन समजावा. पातेल्याची कल्हई उडाली म्हणून कोणी ते मोडीत घालत नाही. कल्हई पुन्हा लावून घेतो. पण बूडच पातळ होऊन ठिकठिकाणी गळू लागले तर नुसत्या कल्हईने भागत नाही. रेकॉर्ड प्लेयर "बंद पडला" असे घरचे म्हणतात तेव्हा शक्यता अशी असते, की कल्हईच उडाली आहे. पण बूड शाबूत आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय बोलू नये.

पहिली परीक्षा वेगाची. थाळीच्या कडेवर कागदाचा कपटा चिकटवावा, वेग ३३ वर ठेवावा आणि घड्याळ लावून तीन मिनिटे फेरे मोजावेत. ते बरोबर १०० भरले पाहिजेत. ४५ च्या वेगाला तीन मिनिटांत १३५ भरावेत, आणि ७८ ला एका मिनिटात ७८. ही मोजणी सुई वर धरून एकदा करावी. मग एखादी टाकाऊ तबकडी लावून, सुई टेकवून पुन्हा करावी. सुई टेकताच वेग पडत असेल तर पट्टा सैल झाला आहे, किंवा रबरी चाक गुळगुळीत होऊन घसरते आहे, असे समजावे.

थोडा वेग कमी-जास्त असला तर काय बिघडते, अशी शंका येथे निघेल. बिघडते ते असे. वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढला, म्हणजे १०० च्या जागी १०६ फेरे भरले, की गाण्याची पट्टी एका स्वराने सरकते. पांढरी एकमध्ये गाणारा गायक काळी एकमध्ये गाऊ लागतो. लय वाढते ती वेगळीच. ज्या घरात मुले तबकडी ऐकून पेटीवर सूर शोधतात, त्या घरात हे क्षुल्लक म्हणता येत नाही.

वेग तपासण्याची आणखी एक जुनी युक्ती आहे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक चकती थाळीवर ठेवतात. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. ३३⅓ च्या वेगासाठी चकतीवर १८० पट्ट्या असतात. वेग बरोबर असला की फिरत्या चकतीवरच्या पट्ट्या जागच्या जागी उभ्या दिसतात, कमी असला तर मागे सरकतात, जास्त असला तर पुढे. ७८ फेऱ्यांसाठी अशाच ७७ पट्ट्या लागतात. मात्र हल्लीच्या पुष्कळशा एलईडी दिव्यांचा प्रकाश असा लुकलुकत नाही, म्हणून त्यांच्याखाली ही युक्ती फसते. जुन्या लोखंडी चोकची ट्यूब किंवा निऑनचा लहान दिवा घ्यावा. नाहीतर कागदाचा कपटा आहेच.

वेगाचा दोष बहुधा झिजणाऱ्या भागांत निघतो. पट्ट्याचे यंत्र असेल तर पट्टा ताणला गेलेला असतो. तो बदलणे हे सर्वांत सोपे काम. मोटारीच्या दांड्याला आणि थाळीच्या आतल्या कडेला टेकणारे रबरी चाक असेल, तर पाहावे, की त्यावर एका जागी खळगा पडला आहे काय. वेगाची मूठ ३३ वर तशीच ठेवून यंत्र वर्षानुवर्षे माळ्यावर पडले, की चाक एकाच ठिकाणी दाबले जाते, आणि मग प्रत्येक फेऱ्याला 'धप्‌ धप्‌' असा ठोका ऐकू येतो. हे चाक नवे मिळते, किंवा जुन्या चाकावर नवे रबर चढवून ते गोल घासून घेता येते. आणखी एक गोष्ट : जुने ग्रीस वाळून डिंकासारखे चिकट होते. ते न पुसता वरून तेल ओतण्याची चूक पुष्कळजण करतात. तेल रबरावर उतरते आणि चाक आणखीच घसरू लागते. आधी जुने काढावे, मग नवे थेंबाथेंबाने घालावे.

दुसरी परीक्षा कण्याची. थाळी काढून मधला खिळा बोटांनी हलवून पाहावा. तो फिरावा, पण डुलू नये. थाळी परत बसवून, मोटार बंद ठेवून, हाताने एक फेरा द्यावा. ती शांतपणे आणि बराच वेळ फिरत राहिली पाहिजे. नंतर मोटार चालू करून, गाण्यांच्या मधल्या कोऱ्या रेघेवर सुई ठेवावी आणि कान द्यावा. दूरवर पिठाची गिरणी चालल्यासारखी घरघर ऐकू आली तर बुश झिजला आहे, किंवा मोटारीचे रबरी पाय दगडासारखे कडक झाले आहेत. पाय बदलणे सोपे आहे. बुश बदलणे तसे नाही, कारण तो आयता मिळेलच असे नाही. तथापि ह्या बाबतीत नाशिककर भाग्यवान आहेत. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे ह्या गावात लेथवर बारीक काम करणारे हात आहेत. खिळा सरळ असेल तर त्याच्या मापाचा ब्राँझचा बुश कातून घेणे येथे अशक्य नाही. मुंबई-पुण्याच्या दुकानात ज्या यंत्राला "सुटे भाग नाहीत" म्हणून परत पाठवतात, ते येथे उभे राहू शकते. मात्र खिळाच वाकला असेल किंवा मोटारीचे वेटोळे जळाले असेल, तर यंत्र साधारण असल्यास तेथेच थांबावे.

तिसरी परीक्षा दांडीची आणि सुईची, आणि तबकडीच्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची. दांडी बोटाच्या टोकाने आडवी ढकलली तर तिने कोठेही न अडखळता जावे. सांध्यात खुळखुळ नसावी. नंतर सुईचा भार पाहावा. त्यासाठी लहान काटा मिळतो; तो रेकॉर्ड प्लेयरच्या किमतीच्या मानाने नगण्य आहे. चुंबकी कार्ट्रिजला बहुधा दीड ते तीन ग्रॅम भार लागतो, सिरॅमिक कार्ट्रिजला चार ते सहा-सात ग्रॅम. ह्याहून जड सुई रेघ नांगरते. फार हलकी सुईही चांगली नव्हे, कारण ती रेघेत नीट बसत नाही आणि उडत्या सुईचे घाव बसत्या सुईहून वाईट असतात. ग्रॅम ऐकून भार किरकोळ वाटेल, पण तो ज्या टोकावर उतरतो ते टोक केसाहूनही बारीक आहे, हे ध्यानात ठेवावे.

एलपीच्या एका बाजूची रेघ उलगडली तर ती चारशे मीटरहून अधिक लांब भरते. वीस मिनिटांत सुई तेवढे अंतर घासत जाते. म्हणून हिऱ्याचे टोकही झिजते. साधारण पाचशे तास वाजल्यावर ते भिंगाखाली तपासून घ्यावे. रोज एक तास ऐकणाऱ्या घरात हा काळ दीड वर्षाच्या आतच येतो. नीलमाचे टोक असेल तर ते जेमतेम चाळीस-पन्नास तासांचे सोबती. माळ्यावरून काढलेल्या यंत्राची सुई किती वाजली आहे, हे सांगायला सहसा कोणी उरलेले नसते. सबब ती झिजली आहे असेच धरून चालावे आणि पहिला खर्च नव्या सुईवर करावा.

सुई घेताना तबकडीची जात पाहिली पाहिजे. एलपीच्या रेघेला लागणाऱ्या सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे १८ ते २५ मायक्रॉन, तर लाखेच्या तबकडीला लागणाऱ्या टोकाची सुमारे ७५ मायक्रॉन, म्हणजे तिप्पट-चौपट. बारीक सुई लाखेच्या रेघेत घातली तर ती तळाशी लोळते, धूळ आणि खरखर तेवढी ऐकवते; जाड सुई एलपीवर टेकवली तर ती रेघेच्या काठांना चिरडत जाते. जुन्या यंत्रांत दांडीच्या टोकाशी एक लहान खुंटी असते. ती फिरवली की एका बाजूची जाड सुई जाऊन दुसऱ्या बाजूची बारीक सुई खाली येते. घरात अशी दुतोंडी सुई निघाली तर ती निरुपयोगी समजून टाकू नये. दोन्ही जातींच्या तबकड्या वाजवण्याची ती सोय आहे.

कार्ट्रिजबद्दल आणखी एक खुलासा. जुन्या यंत्रांत एका विशिष्ट क्षाराच्या स्फटिकाची कार्ट्रिज असे. हा क्षार दमट हवेत पाझरतो आणि फार उन्हानेही निकामी होतो. म्हणून कित्येक पावसाळे काढलेल्या यंत्राची थाळी नीट फिरते, सुई रेघेतून जाते, पण आवाज मात्र निघत नाही. घरचे म्हणतात, यंत्र मेले. वास्तविक मेलेली असते ती ती डबी. तिच्या जागी सिरॅमिक कार्ट्रिज बसवता येते आणि जुन्या रेडिओच्या पाठीमागील 'ग्राम' ह्या खाचेला ती चांगली जुळते. चुंबकी कार्ट्रिज बसवण्याचा मोह झाला तर मात्र जपावे. तिची वीज अतिशय क्षीण, म्हणजे व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या तीन-पाच पट असते; तिला मध्ये आणखी एक अँप्लिफायर लागतो, आणि जुनी जड दांडी तिला बहुधा पेलत नाही. जेथे जे होते तेथे त्याच जातीचे बसवावे, हा दुरुस्तीतला साधा नियम आहे.

विजेची बाब वेगळी, कारण तेथे तबकडीपेक्षा माणसाचा प्रश्न आहे. जुन्या वायरीवरचे रबर वाळून तुकडे पडतात. उघडी तार पत्र्याला टेकली तर दांडीला हात लावताच झटका बसतो. म्हणून पन्नास वर्षे बंद असलेले यंत्र "बघू तर चालते का" म्हणून थेट भिंतीत जोडू नये. आधी कारागिराकडून वायर, प्लग, अर्थिंग आणि कपॅसिटर पाहून घ्यावेत. हा खर्च दुरुस्तीत धरायचाच. त्यात काटकसर नाही.

परदेशातून नातेवाइकाने आणलेल्या यंत्राबद्दलही येथेच सांगितले पाहिजे. अमेरिकेतील वीज ११०-१२० व्होल्टची तर खरीच, पण ती सेकंदाला ६० आवर्तने घेते. ट्रान्सफॉर्मर लावला की व्होल्ट जुळतात. आवर्तने जुळत नाहीत. जुन्या पद्धतीची मोटार ह्या आवर्तनांवरच चालते, म्हणून तीन मिनिटांत १०० ऐवजी ८३ च फेरे भरतात आणि गाणे तीन स्वरांहून अधिक खाली उतरते. अशा यंत्राला दोष नसतो. त्याला ५० आवर्तनांची कप्पी लागते. ती मिळाली तर ठेवावे. न मिळाली तर चांगले यंत्रही येथे निरुपयोगीच.

एवढे तपासल्यावर निवाडा अवघड राहत नाही. कारागिराला तीन प्रश्न विचारावेत. बिघडले आहे ते झिजणारे की कण्याचे? तो भाग आज मिळतो काय, किंवा घडवता येतो काय? आणि दुरुस्तीनंतर सुईचा भार व वेग योग्य मापात येईल काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे खर्च ठरवतात. तिसऱ्याचे उत्तर निर्णय ठरवते. यंत्र स्वस्तात सुरू होणार असेल, पण भार कमी करण्याची सोयच नसेल आणि दांडी खुळखुळत असेल, तर ती दुरुस्ती स्वस्त नव्हे. तिची किंमत तबकड्या मोजतील. उलट मजबूत बांधणीच्या यंत्राला पट्टा, सुई, कार्ट्रिज आणि वायर एवढेच हवे असेल, तर खर्चाचा आकडा नव्याच्या किमतीजवळ गेला तरी दुरुस्तीच करावी, कारण त्या किमतीच्या नव्या यंत्रात तशी जड थाळी आणि तसा खिळा सहसा मिळत नाही.

चावीच्या ग्रामोफोनचा न्याय निराळा. त्याचा साउंड बॉक्स शंभर ग्रॅमहून अधिक भार रेघेवर टाकतो. लाखेच्या तबकडीत दगडाची पूड असे ती ह्यासाठीच, की तिने पोलादी पिन घासून रेघेच्या आकाराची करावी. म्हणूनच दर बाजूला नवी पिन लावण्याचा दंडक होता. असा ग्रामोफोन दुरुस्त करून अवश्य ठेवावा. पाहुण्यांना, मुलांना एखादी सहज मिळणारी तबकडी नव्या पिनेने ऐकवावी. पण दुर्मिळ तबकडी त्यावर लावू नये, आणि एलपी तर कधीच नाही. एकदा वाजवताच तिची रेघ उद्ध्वस्त होते.

नवे घ्यायचे ठरले तर? येथे काळाने आपल्याला एक अनपेक्षित साहाय्य केले आहे. तबकडीचा काळ संपला असे सगळे म्हणत होते. जपानच्या टेक्निक्सने १९७२ पासून गाजलेले आपले एसएल-१२०० हे यंत्र २०१० साली बंदही केले. पण २०१६ साली ते पुन्हा सुरू झाले, आणि अमेरिकेत २०२० साली एलपींच्या विक्रीचे उत्पन्न सीडींच्या उत्पन्नाहून अधिक भरले. १९८६ नंतर असे प्रथमच घडले. त्यामुळे नवी यंत्रे, सुया, पट्टे हे सारे पुन्हा मिळू लागले आहे. ह्याचा लाभ जुन्या यंत्राच्या धन्यालाही होतो, हे विसरू नये.

मात्र दुकानातील चकचकीत पेटीला भुलू नये. सुटकेससारख्या दिसणाऱ्या पुष्कळशा स्वस्त यंत्रांत प्लॅस्टिकची दांडी, नीलमाची सुई आणि न बदलता येणारा जड भार असतो. म्हणजे माळ्यावरच्या यंत्राचे सारे दोष, पण त्याचा कणा नाही. नवे घेताना चार गोष्टी विचाराव्यात : भार बदलता येतो काय, सुई बदलता येते काय आणि ती हिऱ्याची आहे काय, आतला अँप्लिफायर हवा तेव्हा बंद करता येतो काय, आणि ७८ चा वेग आहे काय. शेवटच्या प्रश्नात एक मेख आहे. मुठीवर ७८ लिहिले म्हणजे लाखेच्या तबकडीची सोय झाली असे नव्हे. सोबत जाड सुई मिळते काय, हेही विचारले पाहिजे. ज्या घरात लाखेच्याच तबकड्या अधिक आहेत, त्या घराने ३३ आणि ४५ चे उत्तम नवे यंत्र आणून जुने विकले, तर त्याने बदली केली असे म्हणता येणार नाही. पेटीतील अर्ध्याहून अधिक आवाज त्याने कायमचे मुके केले.

फोनवर सगळे असताना एवढा खटाटोप कशाला, हा आक्षेप उरतोच. त्याला आमचे उत्तर असे. फोनवर सगळे नाही, पुष्कळ आहे. आणि जे जुने गाणे तेथे आहे त्यातील बरेचसे कोणी ना कोणी जपलेल्या तबकडीवरून, नीट राखलेल्या यंत्रावर, योग्य सुईने उतरवले म्हणून तेथे आहे. मुंबईस १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था अशा संग्राहकांनीच स्थापली. एखाद्या स्थानिक कीर्तनकाराची, नाटक मंडळीतील विसरलेल्या नटाची तबकडी आपल्याच पेटीत असू शकते. असे काही निघाले तर ती घरी पुन्हा पुन्हा वाजवू नये. जाणकाराकडे नेऊन एकदा नीट उतरवून घ्यावी, आणि मग मूळ तबकडी जपून ठेवावी.

जपण्याचे नियम थोडे आहेत. तबकड्या उभ्या ठेवाव्यात. एकावर एक रचू नयेत. नाशिकच्या वैशाखात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेली एलपी पापडासारखी वाकते, म्हणून जागा खालची आणि सावलीची असावी. एलपी पुसण्याची स्पिरिट घातलेली औषधे लाखेच्या तबकडीला कदापि लावू नयेत, कारण स्पिरिटमध्ये लाख विरघळते. तिला मऊ कोरडा ब्रश किंवा किंचित ओलसर स्वच्छ कापड पुरे.

गोदाकाठच्या व्याख्यानांना येणाऱ्या श्रोत्यांना आवाजाचे मोल वेगळे सांगायला नको. जे भाषण टिपून ठेवले गेले नाही ते वाऱ्यावर गेले, हे आपण सारेच जाणतो. तबकडीवरचा आवाज टिपला गेला आहे. तो राखणे एवढेच आपल्याकडे उरले आहे. म्हणून यंत्राचा निर्णय होईपर्यंत एक पथ्य पाळावे : नवी सुई बसेपर्यंत आणि भार तपासला जाईपर्यंत चांगली तबकडी थाळीवर ठेवू नये. यंत्र आणखी महिनाभर थांबले तर त्याचे काही बिघडत नाही.